मातीचा पिवळा, क्रोमचा पिवळा

शेडकार्डावर मातकट पिवळा आणि लख्ख पिवळा शेजारीशेजारी असतात, त्यामुळे निवड निव्वळ आवडीची वाटते. पण दोघांची कुळं वेगळी आहेत. मातकट पिवळा लोहयुक्त मातीचा. आपली पिवडी ती हीच, भोपाळकडची रामरज. हीच माती भाजली की तिच्यातलं पाणी उडून ती लाल होते. भोपाळजवळच्या भीमबेटका इथली जी शैलचित्रं पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकरांनी 1957 नंतर उजेडात आणली, त्यांत लाल-पांढऱ्याबरोबर क्वचित पिवळाही आहे. लख्ख पिवळ्याचा वंश मात्र अलीकडचा. 1797 मध्ये वोकलँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला क्रोमियम सापडलं आणि शिशाच्या क्रोमेटचा झगझगीत रंग पुढच्या शतकात कारखान्यांतून निघू लागला.

घरात पिवडी टिकली ती स्वस्त होती म्हणून, असं म्हणता येईल. ते खरं, पण अर्धं. भिंतीला चुना लागत होता आणि ओला चुना तीव्र अल्कधर्मी. लोहाच्या पिवळ्याला त्याचं काही वाटत नाही; क्रोमचा पिवळा त्यात नारिंगीकडे झुकतो. म्हणून तो तेलरंगात, दारा-खिडक्यांवर गेला. चित्रांतही तेच झालं. पाटणगढचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम 1980 च्या दशकात भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आले, तेव्हा गोंडांच्या भिंतींवरची छुई (पांढरी माती), गेरू, रामरज जाऊन हाती पोस्टर कलर आले, तेही कागदावर. म्हणजे झळाळीला आधी दुसरा पृष्ठभाग मिळावा लागला.

आता भिंतीवर बहुधा प्लास्टिक इमल्शन असतं, चुना क्वचितच. शिवाय 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांत शिशाला 90 पीपीएमची मर्यादा आहे. मग जुना भेद कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण शिशाऐवजी आलेले लख्ख सेंद्रिय पिवळे सहसा पारदर्शक असतात. खालचा डाग झाकायला हात जास्त लागतात. लोहाचा पिवळा एक-दोन हातांत झाकतो आणि उन्हात विटत नाही. त्यातच समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, त्यामुळे शेडकार्डाच्या चौकोनात सौम्य दिसलेला पिवळा खोलीत भडक होतो. चारही भिंतींना मातीचा आणि एखाद्या दाराला लख्ख, ही जुनी वाटणी आजही सोयीची. जुन्या दारावरचा पिवळा तेलरंग मात्र कोरडा घासू नये. त्याच्या धुळीत शिसं असू शकतं.