मंत्र्याचा मँडरिन

इंग्रजी शिकणारा चिनी विद्यार्थी एका शब्दापाशी हमखास अडखळतो. लंडनच्या सचिवालयातल्या बड्या अधिकाऱ्यांना ब्रिटिश वर्तमानपत्रे ‘व्हाइटहॉलचे मँडरिन’ म्हणतात. हा शब्द चिनीच असणार, अशी आमचीही बरीच वर्षे समजूत होती. पण चिनी भाषेत अधिकाऱ्याला म्हणतात ‘क्वान’!

मग मँडरिन आला कुठून? माग काढत गेलो तर आपण घरीच येऊन पोचतो. संस्कृत ‘मंत्रिन्’ मलय भाषेत ‘मंतेरी’ झाला. १५११ मध्ये मलाक्का जिंकणाऱ्या पोर्तुगीजांनी त्याचे ‘मांदारिम’ केले. हुकूम देणे या अर्थाचे त्यांचे क्रियापद ‘मांदार’ असल्यामुळे तो त्यांच्या जिभेवर सहज बसला असावा. चिनी अधिकाऱ्यांना त्यांनी हेच नाव दिले आणि पुढे ते इंग्रजीत गेले.

छिंग राजवटीत (१६४४–१९१२) अधिकाऱ्यांच्या नऊ श्रेणी असत. टोपीवरच्या मण्याच्या रंगावरून श्रेणी ओळखू येई. तिथे पोचण्याचा मुख्य रस्ता परीक्षेचा होता. त्या परीक्षा १९०५ मध्ये बंद झाल्या. व्हाइटहॉलमध्ये खुली स्पर्धा परीक्षा आली ती १८७० साली. तेव्हा ही उपमा वाटते तितकी पोकळ नाही.

‘काउटाउ’ हा शब्द मात्र अस्सल चिनी. अर्थ, कपाळ जमिनीला टेकवणे. ब्रिटिश वकील मॅकार्टनी याने १७९३ मध्ये सम्राटापुढे हे करायचे नाकारले आणि एक गुडघा टेकला. चीनमध्ये मुले आईवडिलांनाही असेच वंदन करीत. इंग्रजीत त्याच शब्दाचा अर्थ लाळघोटेपणा असा झाला.