टीसीपी रॅपर

टीसीपी रॅपर : युनिक्स सर्व्हरवर येणाऱ्या जोडण्यांची नोंद ठेवणारा आणि नको असलेल्या होस्टला सेवा सुरू होण्याआधीच परतवणारा प्रोग्रॅम. वीत्से व्हेनेमा यांनी तो १९९० मध्ये नेदरलँड्समधील आइंडहोव्हन तंत्रज्ञान विद्यापीठात लिहिला. एक घुसखोर तिथल्या संगणकांवर रूटचे अधिकार मिळवून फायली पुसून टाकत होता. त्यांच्याबरोबर त्याचा मागही पुसला जाई. त्यामुळे कोण कुठून येतो हे टिपणे हे रॅपरचे पहिले काम ठरले. अडवण्याची सोय त्यात नंतर आली.

ही सोय दोन फायलींवर चालते. होस्ट्स.अलाउ आधी वाचली जाते, मग होस्ट्स.डिनाय. दोन्हींत नियम जुळला नाही, तर प्रवेश मिळतो. म्हणजे केवळ नकोशांची यादी करणाऱ्याचा सर्व्हर बाकी साऱ्या जगाला उघडाच राहतो. म्हणून नकाराच्या फायलीत ‘ऑल: ऑल’ ही एकच ओळ लिहावी आणि ओळखीचे पत्ते परवानगीच्या फायलीत घालावेत. नकोसे पत्ते मोजून संपत नाहीत, हवे असलेले मोजके असतात. प्रवेश-नियंत्रणाची भिस्त हव्या असलेल्यांच्या यादीवरच हवी.

सार्वजनिक संकेतस्थळाला आपले वाचक आधी कसे कळणार, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो रास्त आहे, पण तो ८० आणि ४४३ या वेबच्या पोर्टांपुरताच. त्याच सर्व्हरचे २२ क्रमांकाचे पोर्ट देखभाल करणाऱ्यांसाठी असते आणि ते सर्वांना खुले ठेवण्याचे कारण नाही. देखभाल करणाऱ्याचा पत्ता रोज बदलत असेल, तर त्याने व्हीपीएनमधून यावे. दुसरा आक्षेप असा की फेलटूबॅनसारखी साधने लॉग वाचून आपोआप बंदी घालतात, मग परवानगीची यादी कशाला? या साधनांनी फुकटची वर्दळ घटते, हे खरे. पण पासवर्डचे अंदाज हजारो पत्त्यांवरून थोडे थोडे आले, तर एकही पत्ता बंदीच्या मर्यादेपर्यंत पोचत नाही. उलट, मोबाइल कंपन्यांचे असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. एकासाठी घातलेली बंदी सर्वांना भोगावी लागते. आयपीव्ही६ मध्ये तर एका घरगुती जोडणीच्या हाती अब्जावधी पत्ते असतात, म्हणून एका पत्त्यावरची बंदी सहज टाळता येते.

परवानगीच्या यादीलाही मर्यादा आहे. यादीतला संगणकच ताब्यात गेला, तर घुसखोर तिच्या आडून आत येतो. म्हणून पत्ता जुळला तरी ‘की’ आणि पासवर्डची तपासणी टाळता येत नाही. २२ क्रमांकाच्या पोर्टवर चालणाऱ्या ओपनएसएसएचने २०१४ मध्ये ६.७ आवृत्तीपासून रॅपरचा आधार काढला. आज हे काम बहुधा एनएफटेबल्ससारखी फायरवॉल करते. साधन बदलले तरी नियम लिहिणाऱ्याने आधी सर्व बंद करावे आणि गरजेपुरतेच उघडावे, हे सूत्र तितकेच लागू आहे.