मंद सरक आणि मोठा हादरा

राजपुऱ्यातल्या माणसाला तापी ही स्नानाची आणि दीपदानाची नदी. भूशास्त्रज्ञाच्या लेखी ती खचदरीतून वाहणारी नदी आहे. द्वीपकल्पातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वसमुद्राला मिळत असता नर्मदा आणि तापी पश्चिमेकडे वाहतात, याचे कारण सातपुड्यालगतचे पुरातन प्रस्तरभंग होत. ते निद्रिस्त म्हणावेत, मृत नव्हेत. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्याच्या प्रदेशात रिश्टर मापनावर सुमारे ६.३ चा भूकंप झाला. त्याचे केंद्र भूपृष्ठाखाली सुमारे चाळीस किलोमीटर होते. २२ मे १९९७ रोजी याच पट्ट्यात, जबलपूरला, ५.८ चा धक्का बसला. बऱ्हाणपूरच्या इतिहासावर बोलताना आपण मुमताजमहल आणि अकबरी सराईवर थांबतो. १९३८ कोणी उच्चारत नाही.

बारीक धक्के बसून गेले की जमीन मोकळी होते, असे समाधानाने सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारी परिसरात असे धक्के बसले होते. त्यानंतर वर्षभराच्या आत, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, ६.२ च्या भूकंपाने हजारो माणसे गाडली. हिशेबच विरुद्ध आहे. मापनातील दोन अंकांचा फरक म्हणजे ऊर्जेत सुमारे हजारपटींचा फरक. चारच्या हजार धक्क्यांनी एक सहाचा धक्का फिटतो; तितके धक्के कोण मोजत बसणार?

मग काही प्रस्तरभंग न हादरता, दिवसेंदिवस हळूहळू सरकतात, त्याचे काय? उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याखाली अशी सरक सुमारे चौदा महिन्यांनी होते आणि काही आठवडे चालते, हे या शतकाच्या आरंभी उपग्रहमापनाने उघड झाले. जिथे ती होते तिथला ताण उतरतो, हे खरे. पण शेजारचा अडकलेला भाग अधिक ताणला जातो. दोराचा एक पीळ सुटावा आणि भार दुसऱ्यावर यावा, तसे. जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या ९.० च्या भूकंपापूर्वी मंद सरक त्याच्या केंद्राकडे सरकत गेल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. मात्र अशा कित्येक सरकी पुढे काहीही न घडता विरून जातात. म्हणून तिला इशारा म्हणणेही धाडसाचेच.

आपल्या पट्ट्याचा वेग याहून कितीतरी सावकाश. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे जातो. त्याचा मोठा वाटा हिमालय घेतो, सातपुड्याच्या वाट्याला अगदी थोडा उरतो. तो साठायला शतके लागतात, आणि तेवढ्यात माणसांच्या पिढ्या उलटतात.

किल्लारीत माणसे मेली ती बहुतांशी दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदांखाली. तशाच मातीत रचलेल्या भिंती आपल्या जुन्या वस्तीत आजही उभ्या आहेत, आणि रात्री त्यांच्याच आडोशाने आपण निजतो.