चिठ्ठी हरवलेले शंख



गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलाने रुमालात बांधून एक वस्तू आणली आणि माझ्या टेबलावर ठेवली. बोराएवढी एक गोगलगाय, पण दगडाची! वेढे कसे अगदी रेखीव, जणू कालच ओढ्यातून उचलली. मी साहजिकच विचारले, "कुठे सापडली रे?" तो म्हणाला, "सापडली नाही, सर. घरातल्या डब्यात होती. आजोबांनी कुठूनशी आणली होती." आजोबा आता नाहीत. म्हणजे वस्तू हातात आहे आणि तिची हकीकत मात्र त्यांच्याबरोबर गेली.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोगलगायीची कसली हकीकत? म्हणूनच आज मी तुम्हांला दूरच्या एका बेटावर नेणार आहे. तिथे असे शंख हजारांनी सापडले, पण ते नेमके कुठल्या थरातले याची चिठ्ठी कुणी जोडली नाही. ती उणीव भरून काढता काढता शंभरांहून अधिक वर्षे गेली.

वेस्ट इंडीज हे नाव क्रिकेटमुळे आपल्याकडे खेड्यापाड्यांत माहीत आहे. त्या बेटांपैकी हिस्पॅनिओला हे एक मोठे बेट. 1492 साली कोलंबस तिथे उतरला होता. आज त्याच्या पश्चिमेला हैती आणि पूर्वेला डॉमिनिकन प्रजासत्ताक असे दोन देश नांदतात. या दुसऱ्या देशाच्या उत्तर भागात दोन डोंगररांगांच्या मधोमध सिबाओ नावाचे सुपीक खोरे आहे. दक्षिणेकडच्या डोंगरांतून काना, गुराबो, माओ अशा नद्या उतरतात आणि याके देल नोर्ते या मोठ्या नदीला जाऊन मिळतात. उतरताना त्यांनी काठ खोल कापले आहेत. आपल्याकडे पावसाळ्यानंतर ओढ्याची दरड कोसळली की मातीचे थर उघडे पडतात, तसेच. फरक इतकाच की तिथल्या दरडींतून समुद्राचे शंख डोकावतात. आज जिथे गुरे पाणी पितात, तिथे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्र होता.

हे शंख प्रथम युरोपात गेले ते हेनेकन नावाच्या एका इंग्रज कर्नलमुळे. त्याने ते जमवून लंडनच्या भूविज्ञान संस्थेकडे धाडले. तिथे सोअर्बी या शंखतज्ज्ञाने त्यांची वर्णने केली, मूर यांनी त्यांवर निबंध वाचला आणि 1850 साली हे सारे छापून निघाले. त्याच सुमारास आपल्या नागपुरात पाद्री स्टीफन हिस्लॉप टाकळीच्या आसपासच्या दगडांतून गोगलगायी वेचत होते आणि त्यांची माहितीही त्याच संस्थेच्या नियतकालिकात छापली जात होती. मात्र नागपूरच्या गोगलगायी गोड्या पाण्यातल्या आणि कितीतरी अधिक जुन्या, काळ्या पाषाणाचे लाव्हारस वाहत होते त्या काळातल्या. सिबाओच्या खाऱ्या पाण्यातल्या. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून सांगितले.

आता शंख ओळखायचा म्हणजे काय करायचे? जिवंत प्राणी असता तर त्याचे मऊ शरीर तपासता आले असते. दगडात ते उरत नाही. रंगही बहुधा उडालेला असतो. मग राहते ते फक्त कवच. त्याला वेढे किती, वेढ्यांवर गाठी आहेत की रेघा, तोंड रुंद की चिंचोळे, तोंडाच्या खाली पन्हळ आहे की नाही, हे पाहायचे. शंखाच्या पोटात जो मधला खांब असतो, त्यावर पीळ किती तेही मोजायचे. तुमच्या देवघरातला शंख कधी फोडलेला पाहिला असेल, तर खांबावरचे तीन-चार ठळक पीळ तुम्हांला आठवतील. ती त्या वंशाची खूणच. या वंशाचे भाऊबंद वेस्ट इंडीजच्या समुद्रातही आजमितीस राहतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शिवाय शिखराच्या अगदी टोकाला मोहरीएवढे एक-दोन वेढे असतात. हे पिलाचे कवच. ते धड राहिले असेल तर पिलू अंड्यातून निघाल्यावर समुद्रात बराच काळ तरंगत गेले की जन्मले तिथेच राहिले, हेही तज्ज्ञ सांगू शकतात.

पण यात ठेचाही फार. कवडीचेच घ्या. पूर्ण वाढलेल्या कवडीला खालून दोन्हीकडे दाते असलेली फट असते. कोवळी कवडी मात्र पातळ कवचाची आणि साध्या गोगलगायीसारखी वेढेदार दिसते. नवख्या माणसाच्या हाती ती पडली तर तो तिला खुशाल वेगळे नाव देईल. एकाच जातीला तीन नावे आणि तीन जातींना एक नाव, असे घोटाळे या शास्त्राच्या इतिहासात रग्गड झाले आहेत.

आणि नावाचा घोटाळा नावापुरता राहत नाही. चार्ल्स लायेल या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने 1833 साली थरांचे वय ठरवण्याची एक नामी युक्ती मांडली. पॅरिसच्या देशाये या शंखतज्ज्ञाच्या मदतीने त्याने हिशेब केला की एखाद्या थरातल्या शंखांपैकी आज जिवंत असलेल्या जाती शेकडा किती. सर्वांत जुन्या थरात शेकडा साडेतीन भरल्या, त्याला नाव दिले इओसीन. शेकडा सतराच्या आसपास ते मायोसीन. त्याहून अधिक ते प्लायोसीन, आणि त्यातल्या अगदी अलीकडच्या थरांत हे प्रमाण नव्वदीच्या पुढे. युक्ती सोपी आणि सुंदर. पण ती उभी आहे ओळखीवर. 'ही जात आजचीच' असे एकाने म्हटले आणि 'छे, ही निराळी' असे दुसऱ्याने, की शेकडेवारी बदलली आणि थराचे वयही बदलले!

मूर यांनी 1850 साली एक विलक्षण गोष्ट हेरली होती. सिबाओचे खोरे अटलांटिकच्या बाजूला. पण तिथल्या कित्येक शंखांचे जवळचे नातेवाईक जिवंत सापडतात ते पलीकडच्या पॅसिफिक महासागरात. दोन्हींच्या मध्ये पनामाची जमीन आडवी पडली आहे आणि गोगलगाय काही डोंगर चढून जात नाही. तेव्हा पूर्वी ही जमीन नव्हती, दोन्ही समुद्र एकमेकांना मिळालेले होते, असे अनुमान त्यांनी केले. पनामाचा कालवा 1914 साली खुला झाला. निसर्गाने तिथे आधी एक वाट ठेवली होती आणि नंतर ती बुजवली, हे मूठभर शंखांवरून साठ वर्षे आधी ताडले गेले. मला स्वतःला या साऱ्या कहाणीतला हा भाग सर्वांत मोठा वाटतो.

पण वाट बुजली केव्हा? एकदम की हळूहळू? त्यासाठी कोणता शंख खालच्या थरातला, कोणता वरच्या, हे कळायला हवे. आणि इथेच सगळे अडले.

मध्यंतरी गपी यांनी या शंखांवर लिहिले. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्या गावच्या हौदांत जे गप्पी मासे सोडतात, त्यांना ज्यांचे नाव मिळाले तेच हे त्रिनिदादचे गपी! त्यांनी 1866 साली जमेकाच्या आणि 1876 साली हैतीच्या जीवाश्म शंखांवर निबंध प्रसिद्ध केले. पण सिबाओत प्रत्यक्ष हिंडून मोठा संग्रह केला तो फिलाडेल्फियाच्या विल्यम गॅब यांनी. 1869 पासून त्यांनी या देशाची भूवैज्ञानिक पाहणी केली आणि 1873 साली मोठा अहवाल काढला. माणूस कष्टाळू, नजर तीक्ष्ण. नवी नावे त्यांनी पुष्कळ दिली. पण वेगवेगळ्या नद्यांवरचे आणि वरच्या-खालच्या थरांतले शंख त्यांच्या संग्रहात एकत्र आले. ठिकाण काय, तर 'सांतो दोमिंगो'. हे म्हणजे आंब्याच्या पेटीवर 'महाराष्ट्र' एवढेच लिहिण्यासारखे झाले. गॅब यांना दोष देताना माझी लेखणी मात्र अडखळते. रस्ते नाहीत, नकाशे नाहीत, आणि 1878 साली, चाळिशीही गाठण्यापूर्वी, ते वारले. चूक सुधारायला त्यांना वेळच मिळाला नाही.

ही चूक सुधारायला निघाली ती एक बाई. कार्लोटा होआकिना मोरी, जन्म 1874. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी 1902 साली मिळवली. त्यांची बहीण अँटोनिया आकाशातल्या ताऱ्यांचे वर्गीकरण करणारी नामांकित खगोलशास्त्रज्ञ. एका घरात एक तारे लावी, दुसरी शंख! 1916 साली कार्लोटाबाई स्वतः मोहिमेच्या प्रमुख होऊन सिबाओत गेल्या. त्या वर्षी देशात बंडाळी माजलेली, त्यातच अमेरिकेचे सैन्य बेटावर उतरले. अशा धामधुमीत बाईंनी काय केले? त्या गॅब यांच्या नद्यांवर पुन्हा गेल्या आणि एकेका दरडीला क्रमांक देऊन कोणता शंख कुठून निघाला ते लिहून ठेवत गेल्या. 1917 साली त्यांचा ग्रंथ आला. शेकडो जातींची वर्णने त्यात आहेत. पण त्याच्या नावातच शंखांच्या आधी मूळ थरांचा उल्लेख आहे, हे ध्यानात घ्या.

पुढे बाईंनी थरांना नावे दिली तीही शंखांवरून. वरच्या थराला स्कोन्सिया नावाच्या शंखाचे आणि खालच्याला अफेरा नावाच्या एका लहानशा, जाळीदार नक्षीच्या शंखाचे. नंतर त्या थरांना गुराबो आणि सेर्कादो ही गावानदीची नावे मिळाली आणि तीच रूढ झाली. व्यवहाराला ती सोयीची, हे कबूल. पण अफेराच्या नावात मोठा अर्थ होता. हा वंश आज वेस्ट इंडीजच्या समुद्रात औषधालासुद्धा नाही. तो जिवंत आहे फक्त पॅसिफिकच्या किनाऱ्यावर. मालिया नावाचा मडक्यासारखा फुगीर शंखही असाच. सिबाओच्या दरडींत तो आहे, आजच्या कॅरिबियन समुद्रात नाही, पनामाच्या पलीकडे मात्र आहे. वुडरिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने जमेकाच्या बोडेन गावच्या शंखांवर 1925 आणि 1928 साली दोन जाडजूड ग्रंथ लिहिले आणि पुढे अशा 'पॅसिफिककडे ओढा असलेल्या' वंशांची यादीच केली. दरम्यान 1922 साली पिल्सब्री यांनी गॅब यांचा फिलाडेल्फियातला संग्रह पुन्हा तपासून नावे दुरुस्त केली. नावे दुरुस्त झाली, पण थर कुठून आणणार? ते फिलाडेल्फियाच्या कपाटात थोडेच होते!

म्हणून 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातल्या संग्रहालयाचे पीटर युंग, जॉन साँडर्स आणि त्यांचे सहकारी पुन्हा त्याच नद्यांवर गेले. दरडी फुटाफुटाने मोजल्या आणि प्रत्येक नमुन्याची जागा उंचीसकट टिपली. मातीतले सूक्ष्म जीवाश्मही तपासले, कारण वयाच्या कामी ते शंखांहून भरवशाचे. 1986 पासून त्यांचे ग्रंथ एकामागून एक बाहेर पडले. सेर्कादोचे थर मायोसीनच्या उत्तरकाळातले आणि गुराबोचे मुख्यतः प्लायोसीनच्या आरंभाचे, असा निवाडा झाला. म्हणजे पनामाची वाट बुजण्याच्या आधीचा समुद्र या दरडींत जपलेला आहे. ती वाट सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी पुरती बंद झाली असे बहुतेक मानतात; काही संशोधक याहून बराच जुना काळ सांगतात आणि वाद अजून धुमसतो आहे. त्यानंतर कॅरिबियन समुद्रातले खाद्य घटले आणि कितीतरी शंख तिथून नाहीसे झाले. अफेरा आणि मालिया त्यांतलेच.

रंग उडालेला असतो असे मी वर म्हणालो. तेही आता पूर्ण खरे राहिलेले नाही. अमेरिकेतील जोनाथन हेंड्रिक्स यांनी सिबाओचे पांढरेफटक पडलेले कोन जातीचे शंख जंबुपार किरणांखाली धरले. जिथे पूर्वी रंग होता ते भाग चमकू लागले आणि लाखो वर्षांपूर्वीचे ठिपके नि पट्टे डोळ्यांपुढे उभे राहिले! 2015 साली त्यांनी अशा 28 जाती प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या 13 नव्याच होत्या.

शिक्षक बंधुभगिनींना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. मुलाने असा दगडी शंख आणला तर तो लगेच धुऊ नका. त्याच्या पोटात अडकलेली माती ही त्याच्या थराची उरलेली एकमेव साक्ष असू शकते. त्याच दिवशी एका कागदावर गाव, ओढा, काठ, काठाच्या माथ्यापासून किती खाली, आणि तारीख, एवढे लिहून तो कागद शंखाबरोबरच ठेवा. नाव नंतर कुणीही शोधील.

आमच्या त्या मुलाची गोगलगाय अजून माझ्याकडेच आहे. तिच्या तोंडात राखाडी माती घट्ट बसली आहे, ती मी खरवडलेली नाही. मुलाने घरी जाऊन आजीला खोदून खोदून विचारले. आजोबा विहिरी खणायच्या कामावर जात असत, असे आजीने सांगितले आणि दोन गावांची नावे घेतली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे त्या गावांना जाऊन येणार आहोत.