हाकेला ओ : भान शोधणाऱ्या स्कॅनचा तर्क

जागे असणे वेगळे आणि भानावर असणे वेगळे. मेंदूला जबर मार बसला, की या दोहोंची ताटातूट होऊ शकते. कोमातला रुग्ण डोळेच उघडत नाही. काही आठवड्यांनी तो डोळे उघडू लागतो, झोपतो, जागा होतो. पण हाकेला ओ देत नाही. या अवस्थेला ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी १९७२ साली ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ हे नाव दिले. अधूनमधून का होईना, भानाची खूण दिसणाऱ्यांसाठी २००२मध्ये ‘मिनिमली कॉन्शस स्टेट’ हा वेगळा वर्ग आला. दोन्ही वर्ग वर्तनावरून ठरतात : बोट हलले, नजर वळली, तर भान आहे. घाईच्या तपासणीत तेही निसटते. बेल्जियममधील २००९च्या अभ्यासात डॉक्टरांनी एकमताने भानरहित ठरवलेल्या ४४ रुग्णांपैकी १८ जणांत, प्रमाणित मोजपट्टी लावल्यावर, भानाच्या खुणा सापडल्या. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नव्हते.

पण ज्याला बोटही हलवता येत नाही, त्याचे काय? केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी स्नायूंना वगळून थेट मेंदूलाच आज्ञा द्यायचे ठरवले. त्यांचा अहवाल २००६मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. रस्त्यावरच्या अपघातानंतर पाच महिने प्रतिसादहीन असलेल्या २३ वर्षांच्या तरुणीला एफएमआरआय यंत्रात सांगण्यात आले : टेनिस खेळत असल्याची कल्पना कर, नंतर, स्वतःच्या घरातल्या खोल्यांमधून फिरत असल्याची. पहिल्या आज्ञेवर हालचालींची आखणी करणारा भाग कामाला लागला, दुसरीवर जागांचे ज्ञान ठेवणारे भाग. निरोगी स्वयंसेवकांच्या मेंदूत जे दिसत होते, तेच हिच्यातही दिसले.

हे ‘दिसणे’ जपून घ्यायला हवे. यंत्र विचार टिपत नाही, चेतापेशींचे विद्युतकार्यही टिपत नाही. पेशी कामाला लागल्या की तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि काही सेकंदांनी रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बदलते. तो बदल ते मोजते. वर्तमानपत्रांत छापून येणारी लाल-पिवळी चित्रे म्हणजे छायाचित्रे नव्हेत, तो सांख्यिकीचा निकाल असतो.

आक्षेप लगेच आला. ‘टेनिस’ हा शब्द कानावर पडल्यानेच मेंदू आपोआप चाळवला असेल, तर त्यात भान कुठे आले? आक्षेप रास्त होता, पण मला उत्तर अधिक वजनदार वाटते. शब्दाने आपोआप उठणारी प्रतिक्रिया क्षणभरात विरते. इथे ती सुमारे ३० सेकंद, म्हणजे ‘आता थांब’ असे सांगेपर्यंत टिकली. शिवाय आज्ञा नसलेल्या वाक्यात तोच शब्द ऐकवल्यावर निरोगी माणसांत असा प्रतिसाद उमटला नाही. आज्ञा समजणे, ती लक्षात धरणे आणि सांगितल्यावर सोडणे, एवढे सगळे भानाशिवाय घडते असे म्हणणाऱ्यानेच आता पुरावा द्यायचा. २०१०मध्ये केंब्रिज आणि बेल्जियममधील लिएज इथल्या ५४ रुग्णांपैकी पाच जणांना असा प्रतिसाद देता आला. त्यांतल्या एकाने एक कल्पना ‘हो’साठी आणि दुसरी ‘नाही’साठी वापरून घरच्या माणसांविषयीच्या साध्या प्रश्नांची उत्तरेही दिली.

उलट बाजूने मात्र हा तर्क चालत नाही. प्रतिसाद मिळाला तर भान सिद्ध होते. मिळाला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. रुग्ण तेवढ्यात झोपला असेल, त्याला भाषा कळत नसेल, गुंगीचे औषध दिलेले असेल, डोके हलल्याने चित्र बिघडले असेल. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा केंद्रांच्या अभ्यासात, खाटेपाशी आज्ञा न पाळणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांनी एफएमआरआय किंवा ईईजीमध्ये (मेंदूतील विद्युतलहरींच्या आलेखात) ती पाळली. चर्चा याच चौथ्या हिश्शाची झाली. मला त्याच अभ्यासातला दुसरा आकडा अधिक बोलका वाटतो : खाटेपाशी आज्ञा पाळताना दिसणाऱ्या ११२ जणांपैकी केवळ ४३ जण या चाचणीत उतरले. म्हणजे ज्यांच्या भानाबद्दल शंकाच नाही, त्यांच्यापैकी बहुतेकांना चाचणीने गाळले. म्हणून कोऱ्या निकालावरून नातेवाइकांना ‘आत कोणी नाही’ असे सांगणे शास्त्राला धरून नाही.

पेट स्कॅनची वाट वेगळी. त्यात रुग्णाने काहीच करायचे नसते. मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज वापरतो एवढेच मोजले जाते. लिएजच्या २०१४मधील अभ्यासात ‘मिनिमली कॉन्शस’ रुग्ण ओळखण्यात पेट ९३ टक्के यशस्वी ठरला, कल्पना करायला लावणारा एफएमआरआय ४५ टक्के. पण पेट सांगतो ती भानाची शक्यता. हुकुमाबरहुकूम मिळालेल्या उत्तराचे वजन तिला येत नाही.

युरोपीय चेताविज्ञान अकादमीच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचना याच एकतर्फी पुराव्याला धरून आहेत : खाटेपाशची तपासणी, ईईजी आणि प्रतिमाचाचण्या यांपैकी जिच्यात भानाची सर्वांत वरची पायरी दिसेल, ती रुग्णाची पायरी मानायची. इतर चाचण्या कोऱ्या आल्या म्हणून त्याला खाली उतरवायचे नाही.