आभासी प्रयोगशाळा, पवई
आभासी प्रयोगशाळा : विद्यार्थ्याने संगणकाच्या पडद्यावर राशी बदलाव्यात आणि परिणाम तत्क्षणी पाहावा, अशी महाजालावरील प्रयोगव्यवस्था. १९५८ मध्ये युनेस्को व सोव्हिएत संघ यांच्या साहाय्याने स्थापन झालेल्या आणि पुढे पवई तलावाकाठी नांदू लागलेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तिचे दोन प्रकार घडले. त्यांतील भेद ध्यानी घेतल्यावाचून या विषयाचे मर्म हाती लागत नाही.

पहिला प्रकार चलच्चित्रांचा. ‘ऑस्कर’ प्रकल्पात विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विज्ञान-तंत्रज्ञानातील संकल्पनांची परस्परसंवादी चित्रे रचली व ती सर्वांस खुली केली. अशा चित्रातील लंबक समीकरणाच्या हुकमात झुलतो. रचनाकाराने घर्षण घातले नसेल, तर तो कधीच थांबत नाही. संकल्पना उमजण्यास हे पुरेसे असले, तरी निसर्गाची साक्ष त्यात नसते.

ती साक्ष दुसऱ्या प्रकारात मिळते. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झालेल्या ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम’ या छोट्या यंत्रात नायक्रोमच्या तारेचे वेटोळे पोलादाची पट्टी तापवते, पंखा तिला निववतो आणि संवेदक तापमान मोजतो. दूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थी वेळ राखून ठेवतो, ‘सायलॅब’ या मुक्त आज्ञावलीतून तापक व पंखा यांची मूल्ये धाडतो, आणि पवईत ती पट्टी खरोखर तापते. तापमान एकदम चढत नाही, त्यास अवधी लागतो. आकडे किंचित थरथरतात. आणि नियंत्रकाने अधीरपणे दुरुस्ती केली, तर पट्टी इष्ट तापमानाच्या वरखाली हेलकावत राहते. एरवी कुलुपात पडून राहणारे उपकरण यामुळे रात्रीही कामास येते, ही तजवीज मोलाची होय. प्रस्तुत लेखकाच्या मते दोहोंत श्रेष्ठत्व या दुसऱ्या प्रकारालाच द्यावे लागेल.

केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयाने दिल्लीच्या तंत्रज्ञान संस्थेकडे समन्वय सोपवून ‘व्हर्च्युअल लॅब्स’ हा उपक्रम चालविला. त्यात पवईखेरीज पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालयही सहभागी झाले. शालेय विषयांसाठी, नोबेल पारितोषिकविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेत आरंभिलेल्या ‘फेट’ संग्रहातील प्रतिरूपे मराठीतही मिळतात.

ज्या शाळेस प्रयोगशाळेचा खर्च झेपत नाही, तेथील शिक्षकांनी ही साधने जरूर वापरावीत. मात्र पडद्यावरील कळ सरकविण्यापूर्वी काय घडेल याचे अनुमान प्रत्येक विद्यार्थ्याकडून वहीत लिहवून घ्यावे.