कारखान्याच्या दारातील धर्मगुरू

कामाच्या ठिकाणी माणसाला बळ येते ते कशाच्या जोरावर? हुद्द्याच्या, पैशाच्या की वरिष्ठांच्या मर्जीच्या? बेल्जियममधील एका धर्मगुरूंनी या प्रश्नाचे निराळे उत्तर शोधले आणि ते अल्पशिक्षित कामगार मुलामुलींच्या हाती दिले.

फादर जोसेफ कार्डाइन यांचा जन्म १८८२ साली ब्रुसेल्सजवळ एका कष्टकरी कुटुंबात झाला. शाळा संपल्यावर त्यांचे सवंगडी कारखान्यात गेले, जोसेफ सेमिनरीत. सुट्टीत घरी आल्यावर त्यांना दिसले, की कालचे मित्र आपल्याला परके, मालकांच्या बाजूचे समजतात. हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला. १९०३ साली, मुलाच्या शिक्षणासाठी राबून थकलेल्या वडिलांचे निधन झाले. त्यांच्या मृत्युशय्येपाशीच जोसेफ यांनी आपले आयुष्य कामगारांना वाहण्याचा निर्धार केला.

१९०६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १९१२ साली ते लाकन धर्मग्रामात सहायक धर्मगुरू म्हणून आले. तेथे शिवणकामावर पोट भरणाऱ्या मुलींना एकत्र करून त्यांनी अभ्यासमंडळे सुरू केली. या मंडळांत लांबलचक प्रवचने नसत. प्रश्न असत. काम किती तास चालते? मजुरीतून काय कापले जाते? मुकादम मुलींशी कसा बोलतो? उत्तरे त्यांनीच शोधून आणायची. मग ती परिस्थिती शुभवर्तमानाच्या प्रकाशात पारखायची आणि शेवटी आपल्याला झेपेल अशी एक कृती ठरवायची. पाहा, पारखा, कृती करा, हीच ती त्रिसूत्री.

ज्याला आपल्या कामाची वस्तुस्थिती ठाऊक आहे, ज्याच्यासोबत चार सोबती आहेत आणि आपण देवाचे लेकरू आहोत याची ज्याला जाणीव आहे, तो यंत्रापुढे लहान ठरत नाही, असा त्यांचा विश्वास होता.

कामगार तरुणांची वेगळी संघटना ख्रिस्तसभेत वर्गभेद आणील, अशी भीती काही वरिष्ठांना वाटत होती. १९२५ साली फादर कार्डाइन रोमला गेले. परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनी त्यांना मनःपूर्वक पाठिंबा दिला. त्याच वर्षी ‘युवा ख्रिस्ती कामगार’ चळवळीने राष्ट्रीय रूप घेतले आणि पुढे ती अनेक देशांत पसरली.

या बळाची किंमतही मोजावी लागली. फादर कार्डाइन यांना दोन्ही महायुद्धांत जर्मनांनी तुरुंगात टाकले. फर्नांद तोने आणि पॉल गार्से हे त्यांचे आरंभीचे सहकारी १९४५ साली डाखाऊच्या छळछावणीत मरण पावले.

१९६१ साली परमगुरुस्वामी तेविसावे जॉन यांनी ‘माता आणि गुरू’ या परिपत्रकात याच तीन पायऱ्यांची शिफारस केली. १९६५ साली फादर कार्डाइन कार्डिनल झाले आणि १९६७ साली देवाघरी गेले.

आपल्या घरांतील मुलेमुली आज कंत्राटावर, कचेरीत वा दुकानांत कामाला जातात. संध्याकाळी त्यांना केवळ पगार विचारू नये. आज तिथे काय पाहिले, त्यात न्याय्य काय नि अन्याय्य काय, उद्या कोणाच्या पाठीशी उभे राहणार, हेही विचारावे. लाकनच्या त्या मंडळांची सुरुवात अशाच प्रश्नांनी झाली होती.